विजया एकटी का निघत नाही?

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या अंबरनाथच्या घरी करंज्यांचे घाणे निघू लागत. मावशी स्टोव्हपाशी बसे आणि मी पाटावर बसून तिला बाबुराव अर्नाळकर वाचून दाखवीत असे. दाराशी काकांच्या वहाणा वाजल्या, की पुस्तक पिठाच्या डब्यामागे! घरंदाज बायकांनी असली पुस्तके वाचू नयेत, हा काकांचा दंडक.

बाबुरावांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून ते 1996 साली गेले. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची फौज मुंबई रात्री-बेरात्री पालथी घाली. आम्ही वाचलेल्या पुस्तकांत तरी त्यांची मोटार कल्याणच्या पुढे कधी आली नाही. वास्तविक शेजारीच उल्हासनगर! लष्कराची रिकामी छावणी, 1947 नंतर तिथे येऊन राहिलेली सिंधी निर्वासित कुटुंबे, 1949 साली मिळालेले नवे नाव. कुलूप लावून मागे टाकलेल्या घराची कथा तिथे बराकीबराकीत होती. रहस्यकथाकाराला आणखी काय हवे? पण त्या काळी रहस्य घडायचे ते बंगल्यांत आणि भरधाव मोटारींत.

एकदा झारा तसाच हातात धरून मावशीने विचारले, "का रे, ही विजया एकटी का नाही निघत?"

विजया म्हणजे झुंजारची पत्नी. मोठी धाडसी, पण मोहिमेवर निघायची ती नवऱ्याबरोबर. मी हसलो. बारा वर्षांच्या मला त्यात विचारण्यासारखे काय, हेच कळेना.

गुप्तहेराला अक्कल लागते, पिस्तूलही लागते. पण त्याआधी रात्री दिव्याच्या खांबाखाली उभे राहण्याची मुभा लागते. मावशीला दिवेलागणीनंतर स्टेशनापर्यंत जाण्याचीसुद्धा नव्हती.

अगाथा ख्रिस्तीबाईंनी ही अडचण निराळ्या तऱ्हेने सोडवली. 1927 साली कथेत अवतरलेली त्यांची मिस मार्पल ही म्हातारी आपल्या खेड्यात चहा पीत, विणकाम करीत खुनी ओळखते. आमच्या नळावर अशा तीन-चार मार्पल होत्या. त्यांच्यावर कोणी लिहिले नाही, इतकेच.

त्याहूनही मला भावली ती सुजाता मॅसी यांची 2018 सालची इंग्रजी कादंबरी. काळ 1921 चा, स्थळ मुंबई. मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आणि त्यांच्या कामासाठी गेलेली पर्वीन मिस्त्री ही पारशी वकीलबाई. परपुरुषाला जिथे उंबरठा ओलांडता येत नाही, तिथे ही सरळ आत जाऊन बसते. हे नुसते कल्पनेतले नव्हे बरे! नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी पडदानशीन स्त्रियांची कायद्याची कामे वर्षानुवर्षे केली होती. ज्या दाराने त्या विधवांना कोंडले, त्याच दाराने वकीलबाईला वाट दिली. हे मावशीला सांगायचे राहूनच गेले.

बदलापूर लोकलचा बायकांचा डबा दिसला, की मला हे हटकून आठवते. भाजी निवडता निवडता तिथे जे बोलले जाते, ते ऐकायला प्रत्यक्ष झुंजारलाही आत पाऊल टाकता यायचे नाही. माझी भाची रात्री दहाच्या गाडीने त्याच डब्यातून घरी येते. तिला म्हटले, "तूच लिही एखादी."

म्हणाली, "मामा, बसायला जागा मिळू दे आधी!"