सॉफ्टवेअर विकसकांची कार्यप्रेरणा

सॉफ्टवेअर विकसकांची कार्यप्रेरणा म्हणजे संगणक आज्ञावली तयार करणाऱ्या व्यक्तींना आपले काम मन लावून करण्यास प्रवृत्त करणाऱ्या घटकांचा समुच्चय होय. वेतनाबरोबरच कामाचे स्वरूप, स्वायत्तता, कार्यालयातील शांतता आणि मुदतीचा दबाव यांचा तिच्यावर परिणाम होतो.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली द्विघटक सिद्धांत मांडला. त्यानुसार वेतन, देखरेख व कामाची भौतिक परिस्थिती अपुरी असल्यास असमाधान निर्माण होते. मात्र ती केवळ पुरेशी असल्याने प्रेरणा मिळत नाही. यश, कामाची दखल, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम हे प्रेरणेचे स्रोत होत. डॅनियल कूगर व रॉबर्ट झवाकी यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणक व्यावसायिकांमध्ये प्रगतीची गरज इतर व्यावसायिकांपेक्षा अधिक, तर कामाच्या ठिकाणी इतरांशी संपर्काची गरज कमी आढळली.

कामाची जागा

टॉम डिमार्को व टिमोथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतील सुमारे ६०० विकसकांसाठी प्रोग्रामिंग स्पर्धा घेतल्या. स्पर्धकांनी आपापल्या कार्यालयातच नेमून दिलेली आज्ञावली लिहायची होती. त्यांचे निष्कर्ष 'पीपलवेअर' (१९८७) या पुस्तकात आले आहेत. वेतन व अनुभव यांचा कामगिरीशी फारसा संबंध आढळला नाही. एकाच कंपनीतील दोन स्पर्धकांची कामगिरी मात्र बरीच सारखी होती. सर्वोत्तम व सर्वांत मागील चतुर्थांशातील फरक पुढीलप्रमाणे होता:

• प्रत्येकी जागा: ७८ चौरस फूट, ४६ चौरस फूट
• जागा पुरेशी शांत वाटणारे: ५७ टक्के, २९ टक्के
• दूरध्वनीचा आवाज बंद ठेवू शकणारे: ५२ टक्के, १० टक्के
• वारंवार विनाकारण व्यत्यय येणारे: ३८ टक्के, ७६ टक्के

लेखकांच्या मते पूर्ण एकाग्रता साधण्यास सुमारे १५ मिनिटे किंवा अधिक वेळ लागतो. प्रत्येक व्यत्ययानंतर ही प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागते. त्यामुळे वेळ वाया जातो आणि वैफल्य येते.

मुदत व गुणवत्ता

रॉस जेफरी व मायकेल लॉरेन्स यांनी १९८५ साली ऑस्ट्रेलियात केलेल्या अभ्यासात, ज्या प्रकल्पांसाठी वेळेचा अंदाजच ठरवला नव्हता त्यांची उत्पादकता सर्वाधिक होती. डिमार्को व लिस्टर यांच्या मते विकसकाचा आत्मसन्मान कामाच्या दर्जाशी जोडलेला असतो; मुदतीसाठी दर्जाशी तडजोड करावी लागल्यास प्रेरणा खालावते.

मर्यादा

चांगली जागा आणि चांगली कामगिरी यांतील सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कुशल विकसक चांगल्या सुविधा देणाऱ्या कंपन्यांकडे आकर्षित होत असावेत, ही शक्यता 'पीपलवेअर'च्या लेखकांनीही मान्य केली आहे. हर्झबर्ग यांच्या वर्गीकरणात कामाची जागा हा प्रेरक घटक नाही. तथापि बौद्धिक कामात प्रतिकूल जागा कामातून मिळणाऱ्या समाधानातच अडथळा आणते.