समुद्रजलातील स्ट्रॉन्शियम : एका गुणोत्तराच्या अर्थनिर्णयाचा इतिहास

समुद्रजलातील स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ या समस्थानिकांच्या गुणोत्तराचा अर्थ १९४८ पासून कसकसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. मोजमापांविषयी फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो त्यांतून काय सिद्ध होते याविषयी.

रुबिडियम-८७ च्या किरणोत्सर्गी क्षयातून स्ट्रॉन्शियम-८७ निर्माण होतो. या क्षयाचा अर्धायुकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या दहापटींहून अधिक आहे. भूखंडांवरील ग्रॅनाइटी खडकांत रुबिडियम विपुल असते, प्रावरणात अत्यल्प. म्हणून प्रावरणातून वर येणाऱ्या सागरतळावरील बेसाल्टमध्ये हे गुणोत्तर ०.७०३ च्या आसपास, तर प्राचीन ग्रॅनाइटमध्ये पुष्कळच अधिक आढळते. आजच्या समुद्रजलात ते ०.७०९२ आहे आणि जगातील सर्व महासागरांत जवळजवळ सारखेच आहे. कारण स्ट्रॉन्शियम समुद्रात लक्षावधी वर्षे राहतो, तर महासागरांचे पाणी हजारएक वर्षांत ढवळून निघते.

स्वीडिश भूरसायनशास्त्रज्ञ फ्रान्स विकमन यांनी १९४८ मध्ये असे अनुमान मांडले की, रुबिडियमचा क्षय अखंड चालू असल्यामुळे समुद्राचे गुणोत्तर काळाबरोबर वाढतच जाईल आणि त्यावरून सागरी अवसादांचे वय काढता येईल. तर्क सरळ होता. समुद्राने तो मानला नाही. १९७० मध्ये पीटरमन, हेज व टूर्टलॉट यांनी जीवाश्म शिंपल्यांच्या विश्लेषणातून गुणोत्तर घटत-वाढत गेल्याचे दाखवले. १९८२ मध्ये बर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८६ नमुन्यांच्या आधारे गेल्या पन्नास कोटींहून अधिक वर्षांचा वक्र प्रसिद्ध केला. आता समुद्र हा दोन देणेदारांचा हिशेब ठरला : भूखंडांच्या विदारणातून नद्यांनी आणलेला स्ट्रॉन्शियम आणि सागरी पर्वतरांगांतील उष्णजलातून येणारा प्रावरणाचा स्ट्रॉन्शियम.

या वक्राचा शेवटचा चढ विशेष गाजला. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी ०.७०७७ च्या जवळ असलेले गुणोत्तर तेव्हापासून आजपर्यंत चढत आले आहे. पर्वतनिर्मितीमुळे विदारण वाढून हवेतील कार्बन डायऑक्साइड घटतो, ही कल्पना चेंबरलिन यांनी १८९९ मध्येच मांडली होती. १९८८ मध्ये मॉरीन रेमो, विल्यम रडिमन व फिलिप फ्रोलिक यांनी तिला या वक्राचा पुरावा जोडला. हिमालय उंचावला, विदारण वाढले, पृथ्वी थंडावली, असा हा अन्वय होता.

परंतु वक्राचा चढ हे विदारणाचेच माप आहे काय? १९९२ मध्ये अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतील एस. कृष्णस्वामी व सहकाऱ्यांनी गंगा-ब्रह्मपुत्रा प्रणालीचे गुणोत्तर मोजले. गंगेच्या पाण्यात ते ०.७२ च्याही वर आढळते. म्हणजे केवळ पाणी वाढल्याने नव्हे, तर पाण्याबरोबर येणाऱ्या स्ट्रॉन्शियमच्या असाधारण गुणामुळेही समुद्र बदलू शकतो. त्यातून खरी अडचण पुढे आली. हिमालयात रूपांतरणाच्या वेळी काही कार्बोनेट खनिजांनीही सिलिकेटांकडून हा उच्च गुणोत्तराचा स्ट्रॉन्शियम घेतला आहे. सिलिकेटांच्या विदारणातून कार्बन डायऑक्साइड दीर्घकाळ बांधला जातो. कार्बोनेटांच्या विदारणात घेतलेला वायू समुद्रात चुनखडक बनताना परत सुटतो. नदीतील स्ट्रॉन्शियम कोणत्या खनिजाचा, हे न ठरवता हवामानाविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे. अहमदाबादच्याच गटाने १९९८ मध्ये लघुहिमालयातील कार्बोनेट खडक तपासले आणि संपूर्ण खोऱ्याच्या पातळीवर त्यांचा वाटा मोठा असणे संभवत नाही असे प्रतिपादले. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष त्या खडकांपुरता ग्राह्य वाटतो. उच्च हिमालयातील शिरांमध्ये विखुरलेल्या कॅल्साइटचा प्रश्न त्याने मिटत नाही.

प्रावरणाची बाजूही वाटते तितकी निर्मळ नाही, याचे उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टपैकी आंबेनळी घाटाचे नाव लाभलेल्या थरांत गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, तर त्यांच्या खालच्या बुशे थरांत ०.७१२ हून अधिक आहे. वर येताना शिलारसात भूखंडाचे द्रव्य मिसळल्याची ती खूण होय. साहजिकच, खडक बेसाल्टचा आहे एवढ्यावरून त्यावरील नदीचे गुणोत्तर गृहीत धरता येत नाही.

विकमन यांची चढती रेषा टिकली नाही. परंतु सागरी चुनखडकांची वयनिश्चिती आज याच गुणोत्तरावरून होते, आणि ती शक्य होते ती वक्रातील चढउतारांमुळे.