लग्नाचा चौक आणि शहराची भिंत

'सार्वजनिक कला' हा शब्दप्रयोग मराठीत तसा नवा आहे. 'सार्वजनिक' हे विशेषण मात्र चांगले जुने आणि वापरून गुळगुळीत झालेले. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्यासाठी राबणारे गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि पुढे गणपती, वाचनालय, सत्यनारायण असे बरेच काही सार्वजनिक झाले. सभेच्या स्थापनेतला एक तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. सभेच्या पंचाण्णव सभासदांना सुमारे ६००० लोकांनी निवडून आपले प्रतिनिधी नेमले होते. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे दाखवण्याची सोय त्या शब्दाच्या जन्मातच होती. गणपतीच्या मांडवातली वर्गणीची पावती म्हणजे त्याच सोयीची घरगुती आवृत्ती म्हणावी लागेल. सर्वांनी मिळून केलेले ते सार्वजनिक, असा हा अर्थ. 'सार्वजनिक कला' म्हणताना आपण बहुधा दुसराच अर्थ धरतो : सर्वांना दिसेल अशा जागी ठेवलेली कला. हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर गेले आहेत हे पाहायचे असेल, तर वसई-विरारसारखे शहर आणि त्याच्या भिंतींवरची वारली चित्रे ह्यांच्याइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

हे शहर कागदोपत्री फार तरुण आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, पालघर हे आठ तालुके एका नावाखाली आले. नव्या शहराला आणि नव्या जिल्ह्याला स्वतःची म्हणून एक खूण लागते, आणि ती हाताशीच होती. तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरे त्रिकोण, काटकुळे हातपाय, मधे तारपा आणि भोवती नाचणाऱ्यांची माळ. शाळेच्या कुंपणापासून उड्डाणपुलाच्या खांबापर्यंत कोठेही ती उमटवता येते. देवनागरी न वाचणाऱ्यालाही ती वाचता येते, आणि कोणाच्या भावना दुखावत नाही. ह्या शेवटच्या गुणामुळेच ती कार्यालयांना विशेष प्रिय असावी.

परंतु ही खूण मुळात खूण नव्हती. तो एका विधीचा भाग होता, आणि त्या विधीचे बारकावे जितके पाहावेत तितके आजच्या भिंतीचे अपुरेपण स्पष्ट होते.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढला जाई. भिंत कुडाची, म्हणजे काठ्यांची, शेणामातीने लिंपलेली, त्यावर गेरूचा हात. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेले पीठ हा एकच रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. चौक काढायचा तो सवाशिणींनी. लग्नचौकाच्या मधोमध पालघट ही देवी बसते, जी वनस्पतींची आणि सुफलतेची देवी आहे. शेजारच्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या असतो. चौकटीच्या काठाला वेलबुट्टी, आणि आसपास सूर्य, चंद्र, शिडी, फणी, झाडे, जनावरे. अभ्यासक असे सांगतात की वर्तुळ सूर्यचंद्रावरून आले, त्रिकोण डोंगर व झाडांवरून आला, आणि चौकोन तेवढा निसर्गात नाही. तो माणसाने आखलेला, पवित्र केलेला तुकडा आहे. म्हणजे चित्रातला सर्वांत महत्त्वाचा आकार त्रिकोणी माणसाचा नसून ती रिकामी आखणी आहे, जिच्यात देवीला बोलवायचे. आज भिंतींवर त्रिकोणी माणसे हजारोंनी दिसतात, चौक मात्र क्वचितच दिसतो.

ह्या चौकापुढे धवलेरी गाते. वारली लग्न लावणारी ही बाई. तिच्या गाण्यांवाचून विधी पुढे सरकत नाही. चौकावर आधी कापड टाकलेले असते. भगताच्या अंगात देव येतो आणि मग ते कापड दूर होते, तेव्हाच चित्र पाहायला मिळते. आपल्या सौंदर्यशास्त्राच्या वर्गात ज्याला 'आस्वाद' म्हणतात त्याची वेळ येथे कलावंतही ठरवत नाही आणि प्रेक्षकही ठरवत नाही, ती कार्य ठरवते. आणि कार्य उरकल्यावर चित्र जपण्याचा अट्टहास कोणी करीत नाही. धुराने, पावसाने, पुढच्या सारवणाने ते जाते. पुढच्या लग्नाला पुन्हा काढले जाते. सवाशिणी, धवलेरी, भगत, वधूवर आणि जमलेला पाडा अशा सगळ्यांच्या वाट्याला काहीतरी काम असलेला हा प्रसंग होता. आजच्या भाषेत ज्याला समुदायाचा कलामहोत्सव म्हणावे, तो कोणी आयोजक नसताना पाड्यापाड्यांवर भरत होता. (जुन्या मराठीत चित्रसुद्धा 'लिहिले' जाई, हे येथे आठवते. लिहिणे आणि काढणे ह्यांची फारकत ही नंतरची. ज्या भाषेला लिपी नव्हती तिच्या बायकांनी भिंतीवर जे केले, त्याला आपण नुसते 'सजावट' म्हणून मोकळे होतो ही त्या फारकतीचीच एक शिक्षा.)

चित्र घराबाहेर पडले ते १९७० च्या दशकात. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या बाजूला आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांपर्यंत कागद पोहोचवण्याच्या कामात ते होते, आणि तोच प्रयोग येथे करावयाचा होता. कागद आणला होता बायकांसाठी, पण त्याचे सोने केले ते गंजाडच्या एका पुरुषाने, जिव्या सोमा म्हसे ह्यांनी. १९३४ साली जन्मलेल्या जिव्यांची आई लहानपणीच गेली. त्यानंतर बरीच वर्षे ते बोलतच नव्हते, धुळीत रेघा ओढून सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७५ मध्ये मुंबईच्या शेमोल्ड दालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. पुढे राष्ट्रीय पुरस्कार आला, परदेशची प्रदर्शने आली. २००३ साली जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग ह्यांच्या जोडीने त्यांची कला मांडली गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

ह्या घटनेकडे पाहण्याची एक रूढ तऱ्हा आहे : विधी मेला, बाजार जन्मला. आम्हांस ती मान्य नाही. जिव्यांनी परंपरा मोडली हे खरेच आहे. चित्र बायकांचे होते, ते पुरुषाने काढले. लग्नाचे होते, ते लग्नावाचून काढले. भिंतीवरचे होते, ते कागदावर आणि कापडावर आणले. पण त्या मोडण्यातून जे हाती आले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मासेमारीच्या चित्रात जाळे सबंध पृष्ठभागभर पसरते, त्याची रेघन् रेघ सुटी आणि तरीही थरथरती. मुंग्या, खळे, वारूळ, आगगाडी असे चौकात कधी न आलेले जग त्यांच्या रेषेत आले. विधीची चौकट गेली आणि तिच्या जागी एका माणसाची नजर आली. नजर आली म्हणून नावही आले. जिव्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू ह्यांनी, आणि मग गंजाडच्या इतर तरुणांनी ती वाट पुढे नेली. साहित्याच्या विद्यार्थ्याला ह्यात नवे काही नाही. ओवी जात्यावरून उठून कवितेत आली तेव्हा हेच झाले, आणि त्याबद्दल कोणी शोक केलेला नाही.

ह्यात नुकसान कोणाचे झाले असेल तर ते सवाशिणींचे. ज्यांच्या हातचे ते चित्र होते त्यांची नावे दालनांच्या पत्रकांत फार उशिरा आणि फार थोडी आली. धवलेरीचे तर नाव घेण्याचे कारणच उरले नाही, कारण कागदाला गाणे लागत नाही. ह्या बाजूला वसईचे एक ऋण आहे. वसईत काही वर्षे राहिलेल्या कादंबरीकार आणि कवयित्री कविता महाजन ह्यांनी वारली लोकगीतांचे संकलन केले, आणि ते साहित्य अकादमीने प्रसिद्ध केले. चित्राचा कागद मुंबईपर्यंत गेला, तेव्हा गाण्यासाठी कागद घेऊन कोणीतरी पाड्यावर जायला हवे होते. ते काम एका लेखिकेने केले, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांत चित्रकलेच्या इतक्या चर्चेतही फारशी येत नाही.

आता शहराच्या भिंतीकडे. येथे विधीही नाही आणि नजरही नाही. लग्नाचा प्रसंग गेला तो गेलाच, पण जिव्यांनी जे कमावले, म्हणजे अमुक चित्र अमुक माणसाचे, तेही येथे गेले. कंत्राट ज्याला मिळाले त्याच्याकडे छाप असतात, आणि दोन दिवसांत शंभर मीटर भिंत होते. खाली प्रायोजकाचे नाव ठळक, रंगवणाऱ्याचे नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाते. कोणती रेघ कोणी ओढावी हे त्याने ठरत नाही, आणि ठरूही नये. पण नगराच्या पैशाने रंगणारी भिंत ही बाजारातल्या पेल्यासारखी किंवा साडीसारखी खाजगी वस्तू नव्हे. तेथे आपण कोणाच्या वतीने हे काढतो आहोत, हा सार्वजनिक सभेचा प्रश्न विचारण्याचा हक्क नगरवासीयाला आहे. वसई तालुक्याच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे, वारल्यांचे पाडे आहेत. भिंत त्यांच्या नावाने रंगते आणि त्यांना त्याची खबरही नसते, असे घडू शकते.

दुसरीकडे काय झाले हे पाहणे उपयोगाचे आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात बिहारमधल्या मधुबनी रेल्वे स्थानकाच्या सुमारे ७००० चौरस फूट भिंती मिथिला चित्रांनी भरल्या. शंभराहून अधिक स्थानिक कलावंतांनी, त्यांत बहुसंख्य बायका, ते काम श्रमदान म्हणून केले. चित्रे ज्यांची, भिंती त्यांच्याच गावाच्या. मोबदल्याविना ते काम करून घेणे कितपत योग्य, हा प्रश्न मात्र तेथे उरतोच. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईच्या ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प झाला, तेव्हा तेथे राबणाऱ्या माणसांचे मोठमोठे चेहरे इमारतींवर लावले गेले. मासळीच्या वासात कलारसिक रांगा लावून उभे राहिले. गंमत म्हणून ते ठीक होते, पण चेहरे दाखवणे म्हणजे हाती काडी देणे नव्हे.

आणि खुद्द वसईतच, वारली भिंतींपासून दोन पावलांवर, जुन्या अर्थाने सार्वजनिक असलेली कला दर डिसेंबरात उभी राहते. ती म्हणजे नाताळचे गोठे. गावागावांतली तरुण मुले रात्री जागून गवत, बांबू, माती, कागद असे मिळेल ते सामान जमवून ख्रिस्तजन्माचे देखावे रचतात. बेथलेहेमच्या गोठ्यात वसईची विहीर येते, बावखल येते, केळीची बाग येते. कधी त्या वर्षीचा एखादा चटका लावणारा सामाजिक विषय येतो. सर्व धर्मांची माणसे ते पाहत गल्लोगल्ली हिंडतात. त्याच सुमारास, डिसेंबरअखेरीस, वसईत कला-क्रीडा महोत्सवही अनेक वर्षे भरत आला आहे. तेथे मंच असतो, परीक्षक असतात, क्रमांक असतात, आणि आपल्या शाळांतून पुढे आलेली कितीतरी मुले प्रथम तेथेच उभी राहिली असतील. गोठ्याला मंच नाही. त्याला प्रसंग आहे, करणाऱ्यांना शेजारपाजारी नावाने ओळखतात, आणि जानेवारीत तो मोडला जातो. लग्नाच्या चौकाशी त्याचे नाते आम्हांस फार जवळचे दिसते, जरी एकाने दुसऱ्याला कधी पाहिले नसले तरी. सार्वजनिक कलेचा निधी वाटणाऱ्यांनी भिंत मोजण्याआधी ह्या दोन्हींकडे पाहिले, तर निदान कोणाला बोलवायचे ते कळेल. गंजाड येथून दूर नाही. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत जाते.

एका तपशिलापाशी थांबू. तारप्याच्या नाचात वाजवणारा मधे असतो आणि नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती फिरतात. तो वळेल तसे ते वळतात, त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. जिव्यांच्या चित्रांत ही माळ मळसूत्रासारखी उलगडत जाते आणि तिचे एक टोक मोकळे असते, कोणीही येऊन शेवटच्याचा हात धरावा असे. शहरातल्या भिंतींवर, छापातून काढलेल्या नाचात, ते टोक बऱ्याचदा पहिल्या नर्तकाला नेऊन जोडलेले दिसते. वर्तुळ पुरे केलेले असते.