मुलूखगिरी आणि सहल

आपल्या पूर्वजांनी घर सोडून दूरदेशी जाण्याची कारणे जमवून पाहिली, तर त्यांत दोनच प्रमुख दिसतात. एक यात्रा आणि दुसरी स्वारी. देवाला जावे किंवा मोहिमेवर जावे. काशीची गंगा आणावी किंवा चौथाईची वसुली करावी. चार स्नेह्यांनी मिळून केवळ डोळ्यांच्या आणि जिभेच्या सुखासाठी बाहेर पडावे, हे तिसरे कारण आपल्याकडे फार उशिरा रूढ झाले. इंग्लंडात ते अठराव्या शतकातच प्रतिष्ठा पावले होते. तेथील धनिकांचे तरुण पुत्र शिक्षणाची पूर्तता म्हणून इटलीस जात आणि रोमचे भग्नावशेष पाहून परतत. जर्मन कवी गटे १७८६ साली तिकडे गेला आणि पुढे त्या प्रवासावर त्याने ग्रंथ लिहिला. आज आपल्यांतील कित्येक अधिकारी रजा साठवून इटलीला जातात आणि तेथील सरोवरांच्या व भोजनाच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्या आम्ही आनंदाने ऐकतो. परंतु ज्यांची नेमणूक म्हैसूरकडे आहे, त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीतील तीन दिवस कृष्णराजनगरच्या परिसराला द्यावेत, अशी आमची शिफारस आहे. इटलीप्रमाणेच या भूमीनेही परक्या फौजा पुष्कळ पाहिल्या, आणि त्यांत आपल्याही फौजा होत्या.

कृष्णराजनगर हे म्हैसूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, म्हैसूर-हासन लोहमार्गावर आहे. मूळ गाव एडतोरे. ते अगदी कावेरीला बिलगून असल्यामुळे नदीच्या पुरांचा त्याला वारंवार उपद्रव होई. म्हणून नालवडी कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीत जवळच आखीव रस्त्यांचे नवे नगर वसविण्यात आले आणि त्यास महाराजांचे नाव मिळाले. जुन्या गावातील अर्केश्वराचे मंदिर मात्र नदीकाठी आपल्या जागी आहे. भोवताली कालव्यांच्या पाण्यावर पिकणारी भातशेती, तिच्या बांधांवर नारळ आणि मधूनमधून सुपारी. देशावरून आलेल्या माणसाला वैशाखात असा हिरवा रंग पाहण्याची सवय नसते. त्यामुळे पहिल्या दिवशी आमच्या मंडळींचे बोलणे बराच वेळ बंद होते.

येथून जवळच चुंचनकट्टे आहे. तेथे कावेरी सुमारे वीस मीटर खाली उडी घेते. उन्हाळ्यात धारा बारीक असतात. पश्चिम घाटात पाऊस सुरू झाला की याच खडकांवर पाण्याचा पडदा पसरतो. काठावर कोदंडरामाचे देऊळ आहे आणि तेथे सीतामाई रामाच्या उजव्या बाजूस उभ्या आहेत. ही विशेष गोष्ट पाहून आमच्यातील एका स्नेह्याने शास्त्रार्थ काढला. परंतु भूक लागली असल्यामुळे त्याचा निकाल लागला नाही. त्या दिवशीच्या जेवणात नाचणीचे मुद्दे होते. भाकरीच्या पिठाला भाकरी होऊ न देता उकडून त्याचा गोळा करावा, आणि तो न चावता साऱ्यात बुडवून गिळावा, ही रीत प्रथम अवघड वाटते. पण पानाच्या डाव्या अंगाला पाहावे तो कोसंबरी आहे, आणि ती आपली कोशिंबीरच आहे. सणाचे ओब्बट्टु म्हणजे आपली पुरणपोळी. चिरोटीला तर नावही बदलावे लागले नाही. दोन भाषांचा शेजार किती जुना आहे, हे ताम्रपटांइतकेच पानावरूनही वाचता येते.

दुसऱ्या दिवशी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलो, की कावेरीचे पात्र रुंद होत जाते आणि तिचे सरोवर बनते. हा कृष्णराजसागराचा फुगवटा होय. संध्याकाळी त्या पाण्याकडे पाहत कॉफी घेताना इटलीची आठवण कोणालाही होत नाही. परंतु पाण्याखाली जे आहे, त्याची आठवण व्हावयास हवी. जुने कण्णंबाडी गाव येथेच बुडाले. त्याचे होयसळकालीन वेणुगोपालाचे मंदिर अनेक वर्षे पाण्यात राहिले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले तरच त्याचे दर्शन घडे. अलीकडे त्याचे दगड काढून ते काठावर होसकण्णंबाडी येथे पुन्हा उभारण्यात आले आहे.

याच कण्णंबाडीपाशी १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज अडकून पडली होती. टिपूचे श्रीरंगपट्टण समोर असूनही तिच्यापाशी दाणा उरला नव्हता. बैल मरून पडत होते, पाऊस लागला होता. पश्चिमेकडून पेरियापट्टणपर्यंत आलेल्या जनरल ॲबरक्रॉम्बीशी गाठ पडणे अशक्य झाले. अखेरीस कॉर्नवॉलिसने वेढ्याच्या तोफा स्वतःच नष्ट केल्या आणि माघार घेतली. ती चालू असतानाच मेलुकोट्याच्या बाजूने हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज येऊन मिळाली. तिच्याबरोबर बाजार होता. उपाशी इंग्रज सैन्याने त्या बाजारात चढ्या दराने धान्य घेतले आणि जीव वाचविला. इंग्रज इतिहासकार विल्क्स याने त्या बाजाराचे वर्णन केले आहे. त्यात हिरे होते, काश्मिरी शाली होत्या, आणि एखाद्या खेड्यातील गरीब मुलीचे चांदीचे कर्णभूषणही होते. हिरे कोठून आले असतील, याचा विचार आम्ही करीत नाही. परंतु ते कर्णभूषण कोणत्या कानातून उतरले, हा प्रश्न कावेरीकाठी बसल्यावर मनातून जात नाही. त्याच वर्षी परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. तो पुन्हा सावरण्यास टिपूने साहाय्य केले. हा इतिहास सोयीचा नाही, पण तो इतिहास आहे.

तिसऱ्या दिवशी मेलुकोटे पाहावे. वाटेत चिनकुरळी लागते. येथे काळ आणखी वीस वर्षे मागे न्यावा लागतो. हैदराने तुंगभद्रेच्या उत्तरेस हातपाय पसरले होते, आणि त्याला आवरणे हे थोरल्या माधवरावांचे कर्तव्यच होते. १७७० साली प्रकृती ढासळल्यामुळे पेशवे पुण्यास परतले आणि मोहीम त्रिंबकराव पेठे यांच्याकडे आली. मार्च १७७१ मध्ये हैदर मेलुकोट्याकडून श्रीरंगपट्टणाकडे सरकत असता त्रिंबकरावांनी त्याला चिनकुरळीपाशी गाठून त्याच्या सैन्याची दाणादाण उडविली. आपल्या बखरींतून आणि पाठ्यपुस्तकांतून ही मोती तलावाची लढाई म्हणून गाजली. तोण्णूरचा तो तलाव आजही आहे. डोंगरांच्या कुशीत पाणी इतके नितळ, की मोती हे नाव सार्थ वाटावे.

विजयाच्या वर्णनात पुढचे पान बहुधा गाळले जाते. लढाईनंतर फौज मेलुकोट्यावर गेली. गाव लुटले गेले. देवाचे प्रचंड लाकडी रथ होते. त्यांतील लोखंड हाती लागावे म्हणून त्यांना आग लावण्यात आली. ती आग पसरली आणि काही देवस्थाने जळून गेली. विठ्ठलाच्या दिंडीत नाचणारे, घरी तुळशीला पाणी घालून निघालेले लोक हे. त्यांनी चेलुवनारायणाचा रथ खिळ्यांसाठी जाळला. स्वारीवर गेलेल्या माणसाला मुलूख दिसत नाही. फक्त रसद दिसते. यात्रेला गेलेल्याला देव दिसतो, पण पुष्कळदा वाटेतली माणसे दिसत नाहीत. सहलीला गेलेल्याने निदान या दोघांपेक्षा अधिक पाहावे, असे आमचे मागणे आहे.

मेलुकोट्याची पुळियोगरे प्रसिद्ध आहे. चिंच, गूळ, मिरची, तीळ यांच्या गोज्जूत कालवलेला भात, आणि पाठोपाठ गोड पोंगल. देवळाच्या पायऱ्या उतरून आलेल्या मराठी माणसाच्या पानावर तो भात पुन्हा पुन्हा वाढला जातो. वाढणाऱ्याला १७७१ साल ठाऊक नसते असे नाही. त्याने ते आपल्यावर धरलेले नसते. अशा वेळी खाणाऱ्याला तरी ते ठाऊक असावे. अन्नाची चव त्यामुळे कमी होत नाही, उलट ते कोणाच्या हातचे आहे हे कळून वाढते.

आणि हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कण्णंबाडीचे धरण ज्यांच्या बुद्धीतून उतरले, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातले. परंतु १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले. १८८४ पासून १९०८ पर्यंत त्यांनी मुंबई इलाख्यात चाकरी केली. नाशिक, धुळे, पुणे ही त्यांची नेमणुकीची गावे. १९०३ साली खडकवासल्याला बसविलेली स्वयंचलित दारे त्यांचीच. ज्या अर्थाने आज आपण परमुलखात आहोत, त्याच अर्थाने ते आपल्या मुलखात होते. आणि जाताना त्यांनी पुण्यापाशी पाणी ठेवले. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, आणि १९११ साली धरणाचे काम सुरू झाले. त्या वेळी म्हैसूरच्या दिवाणपदावर टी. आनंदराव होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवरावांचे ते पुत्र. म्हणजे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. सव्वाशे वर्षांपूर्वी जेथे मराठी घोडा पाणी पिऊन गेला, तेथेच मराठी दिवाणाच्या अमदानीत दगड आणि सुरखी यांचे धरण रचण्यास आरंभ झाला. १२४.८ फूट खोलीचे ते पाणी आज मंड्याच्या उसाला आणि म्हैसूर-बंगळूरच्या घराघरांना पुरते.

त्रिंबकराव आणि आनंदराव हे दोघेही या नदीकाठी मराठीच बोलले असतील. एकाच्या कारकीर्दीची खूण म्हणून जळालेला रथ आठवतो, दुसऱ्याच्या कारकीर्दीची खूण म्हणून पाणी. बदलीच्या हुकुमाने परप्रांती आलेल्या आपणां सर्वांना या दोन खुणांपैकी एक निवडावीच लागते, मग आपले पद कितीही लहान असो. फायलींच्या राशीतून तीन दिवस मोकळे झाल्यावर हे ध्यानी येण्यास सरोवराचा काठ, चार स्नेही आणि पानावरचा आंबटगोड भात यांपेक्षा चांगली शाळा नाही. यंदा वैशाखात ज्यांना रजा मिळेल, त्यांनी जरूर जावे.