इटेन: दरीच्या काठावरचं हे गाव जगभरातल्या धावपटूंना का खेचतं?

केनियाच्या पश्चिम भागात इटेन नावाचं एक छोटं गाव आहे. गावात शिरताना रस्त्यावर एक कमान लागते. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय, 'विजेत्यांचं घर'. ब्रिटनचा मो फरा, मॅरेथॉनची माजी विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ असे अनेक मोठे धावपटू इथे येऊन सराव करून गेले. केनियाच्या एडना किप्लागाट, मेरी केइतानी, विल्सन किपसांग यांनीही इथेच तयारी केली.

गंमत म्हणजे या गावात मोठं स्टेडियम नाही. आहेत ते मातीचे रस्ते, डोंगर आणि समोर पसरलेली खोल दरी. मग इथे नेमकं असं काय आहे?

इटेन आहे तरी कुठे?

विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला, एलदोरेत शहरापासून तासाभराच्या आत इटेन आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे इटेनमधला भाजीबाजारसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसातशे मीटर वर भरतो.

गावाच्या पूर्वेला जमीन एकदम तुटते. हा एल्गेयो कडा. आफ्रिका खंडाचा भूभाग लाखो वर्षांपासून हळूहळू फाटतोय आणि त्या फाटण्यातून 'ग्रेट रिफ्ट व्हॅली' तयार झाली. हा कडा तिचाच भाग आहे. खाली केरिओ नदीचं खोरं दिसतं. ही नदी उत्तरेकडे वाहत जाऊन तुर्काना सरोवराला मिळते.

कड्यावर हवा थंड, शेतं हिरवी. खाली खोऱ्यात ऊन, काटेरी झुडपं, शेळ्या. दोन्हींच्या उंचीत हजार मीटरहून जास्त फरक आहे. एका तालुक्याएवढ्या भागात इतकी वेगवेगळी जमीन धावायला मिळते, हेच इटेनचं भांडवल.

उंचीवर धावल्याने काय होतं?

'उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी असतो' असं आपण सहज म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी असतो तो हवेचा दाब. इटेनच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपट असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो.

शरीर त्यावर उपाय शोधतं. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त स्रवतं आणि लाल रक्तपेशी वाढतात. असा धावपटू काही आठवड्यांनी खाली येऊन शर्यत पळतो, तेव्हा त्याचं रक्त स्नायूंना जास्त ऑक्सिजन पोहोचवू शकतं.

हे दोन-चार दिवसांत होत नाही. साधारण तीन-चार आठवडे राहावं लागतं, आणि प्रत्येकाला सारखाच फायदा होईल असंही नाही.

कोणत्या वाटेवर कसला सराव?

मोइबेन रस्ता: कड्यापासून आत, शेतांमधून जाणारा. इथल्या मानाने सपाट, पण तरी चढउतार आहेतच. लांब पल्ल्याच्या सरावाला हा रस्ता धावपटूंच्या खास आवडीचा.

आजूबाजूच्या गावांमधले मातीचे रस्ते: गुरुवारी सकाळी इथे 'फार्टलेक' चालतो. हा स्वीडिश शब्द आहे, अर्थ 'वेगाचा खेळ'. एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू किंवा दोन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू, असा तासाभराचा सराव. शंभर-दोनशे जण एकत्र निघतात. ऑलिम्पिकपटूच्या मागे गावातला पोरगा जमेल तेवढा वेळ टिकून राहतो.

फ्लोरस्पारचा चढ: केरिओ खोऱ्यातल्या फ्लोरस्पार खनिजाच्या खाणीवरून हे नाव पडलं. धावपटू गाडीने खाली उतरतात आणि तिथून सुमारे २१ किलोमीटर सलग वर धावत येतात. वाटेत सपाटी जवळजवळ नाहीच. इथे घड्याळाकडे कोणी फारसं पाहत नाही, वरपर्यंत न थांबता पोहोचणं हाच सराव.

सोपे रन: हे जंगलातल्या पायवाटांवर होतात आणि सुरुवातीला वेग इतका कमी असतो की बाहेरून आलेल्याला आश्चर्य वाटतं. स्वाहिलीत 'पोले पोले' म्हणजे हळूहळू. कठीण दिवशी जीव तोडून आणि सोप्या दिवशी खरोखर हळू, ही शिस्त इथे काटेकोर पाळतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर कापणारा एलिउड किपचोगे इटेनमध्ये सराव करतो असं अनेकदा लिहिलं जातं. त्याचा कॅम्प याच भागातल्या कापतागात या गावी आहे.

मुरूम इथेही आहे

या तांबड्या रस्त्यांना केनियात 'मरम' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण आपल्याकडचा मुरूम तो हाच. दाबून बसलेला मुरूम डांबरापेक्षा थोडा मऊ असतो. शिवाय खाचखळग्यांमुळे प्रत्येक पाऊल जरा वेगळं पडतं आणि घोट्याचे स्नायू कामाला लागतात.

त्याचे तोटेही आहेत. पावसात हाच रस्ता निसरडा होतो, बुटाला चिखलाचा थर चिकटतो. उन्हाळ्यात एखादी गाडी गेली की धुळीने श्वास घेणं अवघड होतं.

फक्त डोंगर पुरेसे आहेत का?

उंच डोंगर नेपाळमध्ये आहेत, पेरूतही आहेत. मग इतके विजेते इथेच का? कारण वाटांच्या जोडीला इथे माणसं आणि संस्था उभ्या राहिल्या.

१९७६ मध्ये कोल्म ओ'कॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा त्यांना काहीही अनुभव नव्हता. मुलांना पळताना बघत बघत ते शिकले. याच शाळेचा पीटर रोनो १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १,५०० मीटरचा विजेता ठरला. लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पळून विश्वविक्रम करणाऱ्या डेव्हिड रुदिशाचे प्रशिक्षकही ओ'कॉनेलच.

पुढे धावपटू लोर्ना किप्लागाट यांनी इटेनमध्ये प्रशिक्षण केंद्र काढलं. घरकामातून सुटका होऊन मुलींना सराव आणि विश्रांती दोन्ही मिळावी, हा त्यामागचा मुख्य विचार होता.

तिसरं कारण पैसा. इथली बहुतेक कुटुंबं शेतकरी. परदेशातल्या एका शर्यतीच्या बक्षिसातून जमीन, गायी, घर होऊ शकतं. म्हणून पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या शेकडो मुलांसाठी धावणं हा छंद नसतो. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला मात्र परदेशातली एकही शर्यत येत नाही.

या गावाची दुखरी बाजू

१२ सप्टेंबर २०२१ रोजी ॲग्नेस टिरोपने जर्मनीत फक्त महिलांच्या शर्यतीत १० किलोमीटरचा विश्वविक्रम केला. वेळ होती ३० मिनिटं १ सेकंद. साधारण महिन्याभराने, १३ ऑक्टोबरला, इटेनमधल्या घरात तिचा मृतदेह सापडला. ती २५ वर्षांची होती. तिच्या पतीवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला, त्याने तो न्यायालयात नाकारला.

या घटनेनंतर केनियातल्या अनेक महिला धावपटू उघडपणे बोलू लागल्या. मुलगी जिंकायला लागली की तिच्या कमाईवर आणि तिच्यावर हक्क सांगणारे पुरुष आसपास जमतात, हे त्यांचं म्हणणं होतं. टिरोपचे कुटुंबीय आणि सहकारी धावपटू यांनी 'टिरोप्स एंजल्स' ही संस्था काढली. हिंसाचाराला तोंड देणाऱ्या महिलांना ती मदत करते.

दुसरी अडचण सुविधांची. गावाजवळचं कमारिनी हे मातीचं जुनं मैदान पिढ्यान्‌पिढ्या सरावाची जागा होती. नवं स्टेडियम बांधण्यासाठी ते खोदलं गेलं आणि काम वर्षानुवर्षे रखडलं. जगभर नाव झालेल्या गावातल्या धावपटूंना त्यामुळे ट्रॅकसाठी दुसरीकडे जावं लागलं.

आपल्याकडच्या धावपटूंनी यातून काय घ्यावं?

साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला जाते. सिंहगड, लोणावळा, नाशिकच्या आसपासही अनेकजण घाटात धावतात. या सरावाने पायात ताकद येते, दम वाढतो. पण सह्याद्रीची उंची पाहता रक्तावर इटेनसारखा परिणाम अपेक्षित धरू नये. त्यासाठी भारतीय खेळाडू साधारण २,२०० मीटरवरच्या उटीसारख्या ठिकाणी जातात.

घाटात धावताना काही गोष्टी लक्षात ठेवलेल्या बऱ्या:

चढावर वेग न बघता श्वास बघा. बोलता येईल इतपतच जोर लावा.

उतार सोपा वाटतो, पण मांड्यांचे स्नायू जास्त दुखावतात ते उतारावरच. सुरुवातीला उतारही हळू घ्या.

आठवड्यातून एकच दिवस चढाचा ठेवा. बाकीचे दिवस खरोखर सोपे असू द्या.

वळणावर गाडीवाल्याला तुम्ही दिसाल असे कपडे घाला आणि हेडफोन काढून ठेवा.

एकट्याने पळण्यापेक्षा गट करा. फार्टलेकला कळसूबाईची उंची लागत नाही, गावाबाहेरचा मुरमाचा रस्ता आणि सोबतीला चार जण पुरतात.