बालवेदना आणि तिची तजवीज

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणारा रस्ता पुढें डोंगर ओलांडून मोखाड्यावरून जव्हारास पोंचतो. यात्रेकरू बहुधा त्र्यंबकासच थांबतो. पलीकडचा मुलूख त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजवाडा मागें उरला, आणि पतंगशाह राजाचें नांव तेथील सरकारी कुटीर रुग्णालयास राहिलें. या रुग्णालयांत २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या वैद्यकेतिहासांतला एक लहानसा, परंतु विचार करण्याजोगा प्रयोग झाला. जीं मुलें बरीं होण्यासारखीं नाहींत, अथवा ज्यांचें दुखणें जन्मभराचें आहे, त्यांच्या वेदना हलक्या करण्याचें काम तेथें आरंभिलें गेलें. तें काम कोणीं करावयाचें आणि करणाऱ्याचा पगार कोणीं द्यावयाचा, या प्रश्नाचा इतिहास येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

'उपशामक शुश्रूषा' हा शब्द आपल्या घरांत अद्याप रुळलेला नाहीं. 'आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं' हें डॉक्टरांचें वाक्य मात्र चांगलेंच रुळलें आहे. या वाक्याची वाट पाहत बसूं नये, असें शास्त्राचें सांगणें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९८ सालीं मुलांपुरती जी व्याख्या केली, तीप्रमाणें ही शुश्रूषा रोगाचें निदान होतांच सुरू व्हावी आणि मूळ रोगावर औषध चालू असो वा नसो, ती चालू राहावी.

अखेरच्या दुखण्यासाठीं निघालेलें पहिलें आधुनिक सेवागृह, म्हणजे हॉस्पिस, सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं लंडन येथें उघडलें. आपल्याकडे मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें. पण मूल म्हणजे लहान मापाचें मोठें माणूस नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा वजनाबरोबर बदलते. कोठें दुखतें तें त्याला पुष्कळदां सांगतां येत नाहीं. आणि त्याच्या अंथरुणाभोंवतीं आईबापांबरोबर भावंडेंही असतात, ज्यांची विचारपूस करण्याचें कोणास सुचत नाहीं. हें ओळखून सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या जोगिणीनें १९८२ सालीं ऑक्सफर्ड येथें मुलांकरितां जगांतलें पहिलें हॉस्पिस काढलें. तें उभें राहिलें देणग्यांवर. सर्वांस सरकारी खर्चानें औषधपाणी पुरविणाऱ्या त्या देशांतही मुलांचीं हॉस्पिसें मुख्यत्वेंकरून देणग्यांवरच चालतात. तेव्हां या बाबतींत विलायतेचें उदाहरण डोळे मिटून घेण्याजोगें नाहीं.

जव्हारच्या कामासही आरंभीं विलायतेचाच पैसा आला. भारतीय उपशामक शुश्रूषा संघ आणि परदेशांतील सहकारी संस्था यांनीं मिळून ब्रिटिश सरकारच्या परराष्ट्र-साहाय्य निधींतून पांच वर्षांची योजना आंखली. टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. मेरी ॲन मकाडेन या त्या कामांतील एक अग्रणी. मुंबईंत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत आणि खेड्यांकरितां जव्हारास अशीं केंद्रें निघालीं. सुशिक्षित वाचकांस अशा मुलांचें नांव काढतांच कर्करोग आठवतो. जव्हारच्या केंद्राकडे मात्र मेंदूच्या विकारानें अंथरुणास खिळलेलीं आणि फेफरें येणारीं मुलें मोठ्या संख्येनें आलीं. त्यांचें दुखणें महिन्यांचें नव्हे, वर्षानुवर्षांचें. घास भरवावा कसा, अंगास जखमा होऊं नयेत म्हणून कुशीवर वळवावें कसें, हें आईला शिकविण्यास पाड्यापर्यंत चालत जाणारी परिचारिका लागते. आणि एका घरीं जाऊन येण्यांत तिचा दिवस मोडतो.

या मुलखांतल्या मुलांकडे सरकारचें लक्ष त्यापूर्वीं एकदां गेलें होतें. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीस कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां वर्तमानपत्रांत गवगवा झाला, मंत्र्यांचे दौरे झाले, आणि १९९५ सालीं आदिवासी भागांसाठीं नवसंजीवन योजना आली. मृत्यूची नोंद होते, बेरीज होते, विधिमंडळांत तिचा जाब विचारतां येतो. विव्हळत जगणाऱ्या मुलाची नोंद कोणत्या रकान्यांत करावी? आमच्या मतें या विषयाकडे पैसा न येण्याचें मोठें कारण हेंच. औषध महाग आहे म्हणावें, तर तेंही नाहीं. तोंडानें घ्यावयाचें मॉर्फीन स्वस्त आहे, आणि ज्या अफूपासून तें निघतें ती आपल्या शेजारच्या माळव्यांत सरकारी परवान्यानें पिकते व परदेशीं जाते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें मात्र रुग्णालयांस तें मिळविणें इतकें किचकट करून ठेविलें कीं, १९१४ सालचें नव्हे, थेट २०१४ सालचें दुरुस्ती-विधेयक येईपर्यंत पुष्कळांनीं त्याचा नादच सोडला होता.

२०१२ हें साल या इतिहासांत मोठें विलक्षण. त्या सालीं केंद्र सरकारनें उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम तयार केला, परंतु त्यासाठीं स्वतंत्र रक्कम बाजूस काढली नाहीं; आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सरकारनें जाहीर केलें कीं, २०१५ नंतर हिंदुस्थानास आर्थिक अनुदान बंद. आपल्यास भीक नको, हा आपला बाणा योग्यच होता. परंतु अनुदानास मुदत असते, तशी सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलास नसते. पुढें राष्ट्रीय आरोग्य अभियानांतून राज्यांनीं पैसा मागावा अशी व्यवस्था झाली. पण अभियानांतील नेमणुका बव्हंशीं अकरा महिन्यांच्या कराराच्या. अकरा महिन्यांत परिचारिकेस पाड्यांच्या वाटा ठाऊक होतात, इतकेंच.

तज्ज्ञ डॉक्टरांची वाण हळूहळू भरून निघेल असें दिसतें. टाटा रुग्णालयांत या विषयाची एम. डी. पदवी २०१२ पासून मिळूं लागली; २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानें एम. बी. बी. एस. च्या विद्यार्थ्यासही त्याची तोंडओळख होते, आणि महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयें ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठास जोडलेलीं आहेत तें १९९८ पासून आमच्या नाशकांतच आहे. परिचारिकेच्या जागेचें काय? केरळ सरकारनें २००८ सालीं धोरण ठरवून हें काम स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गळ्यांत घातलें. तेथें गांवची पंचायत आपल्या निधींतून परिचारिकेचें मानधन आणि तिच्या फिरण्याच्या गाडीचा खर्च काढते, आणि ती घरोघर जाते कीं नाहीं हें विचारण्यास गांवकरी पंचायतीच्या दारांत उभे राहूं शकतात.