कागावांची सोसायटी आणि गांधींचा तराजू

आपल्या नगर जिल्ह्यात सहकार म्हटलं की प्रवरानगर, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं येणारच. पण त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी, 1921 साली, जपानमधल्या कोबे शहरात ग्राहकांची सहकारी सोसायटी उभी करणाऱ्या तोयोहिको कागावांचं नाव आपल्याकडे क्वचितच निघतं. ऐन तरुणपणी झोपडपट्टीत राहायला गेलेला, अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकलेला, गरिबीवर ग्रंथ लिहिणारा हा ख्रिस्ती माणूस.

1938 च्या डिसेंबरात ते मद्रासजवळ तांबरमला जागतिक ख्रिस्ती परिषदेसाठी आले. तेव्हा जपानी फौजा चीनमध्ये घुसलेल्या होत्या, नानकिंगच्या कत्तलीला वर्षच झालं होतं. जानेवारी 1939 मध्ये कागावा गांधीजींना भेटले. गांधीजींनी थेट विचारलं, या युद्धाबद्दल तुमच्या लोकांना काय वाटतं? कागावा म्हणाले, माझं मत तिकडे पाखंडच समजलं जातं. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

गांधीजींनी आधी आढेवेढे घेतले. मग जे सांगितलं त्याचा मतलब असा: मी ते पाखंड जाहीर बोललो असतो आणि गोळी खाल्ली असती. तराजूच्या एका पारड्यात तुमच्या सोसायट्या आणि सगळं काम ठेवा, दुसऱ्यात देशाची अब्रू. अब्रू विकली जात असेल तर बोला.

कागावांनी कबूल केलं, मनातून पटतंय, पण मित्र गप्प राहा म्हणतात. (हे वाक्य आपल्या कुठल्याही संस्थेच्या संचालकाच्या तोंडी शोभेल! संस्था जगली पाहिजे, म्हणून गप्प.) पण पाहुण्या देशात तसं बोलणं सोपं नव्हतं, परत तर टोकियोलाच जायचं होतं.

ऑगस्ट 1940 मध्ये लष्करी पोलिसांनी त्यांना उचललंच. चीनची माफी मागणारं आणि युद्धविरोधी लिखाण अंगाशी आलं. काही दिवसांनी सुटले. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1942 मध्ये, इकडे गांधीजी आगाखान पॅलेसात आणि नेहरू, पटेल, आझाद आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैद होते.

पुढची गोष्ट लोक सांगायचं टाळतात. युद्ध पेटल्यावर याच कागावांनी जपानी रेडिओवरून अमेरिकेविरुद्ध भाषणं केली. दबावाखाली की बॉम्बहल्ले पाहून मन फिरलं, यावर आजही वाद होतो. मला तरी त्यांना एका वाक्यात निकालात काढणं जमत नाही.

1960 साली ते वारले. कोबेची सोसायटी मात्र टिकली, आजही तिची दुकानं चालू आहेत.